उत्तम श्रवणशक्तीचं पहिलं बक्षीस

कारखान्यातल्या आमच्या शॉपमध्ये कानात काही घालणारा पहिला माणूस माझा शेजारी होता. म्हणूनच मी कानात काही घातलं नाही. यापेक्षा शहाणपणाचं कारण मी नंतर पुष्कळ शोधलं, पण सापडलं नाही.

आम्ही दोघं भोपाळला एकाच वर्षी आलो. मी नागपूरहून, तो सांगलीहून. सरकारी कारखान्याच्या टाउनशिपमध्ये आम्हाला लागून क्वार्टर मिळाले, मध्ये फक्त मेंदीचं कंबरेएवढं कुंपण. तो मला ‘नागपूरकर’ म्हणे, मी त्याला ‘सांगलीकर’. आडनावं दारावरच्या पाटीसाठी आणि पगाराच्या चिठ्ठीसाठी ठेवलेली. आम्ही दोघंही फॅब्रिकेशन शॉपमध्ये सुपरवायझर होतो. म्हणजे घरून एकाच वेळी सायकली काढायच्या, एकाच फाटकातून आत जायचं, एकाच पत्र्याच्या छपराखाली आठ तास उभं राहायचं आणि एकाच वेळी परतायचं. हेव्याला यापेक्षा चांगली जमीन कुठे मिळणार? दूरच्या माणसाचा हेवा करायला कल्पनाशक्ती लागते. शेजाऱ्याचा नुसतं खिडकीत उभं राहून करता येतो.

त्याच्या परसातला पेरू गोड होता, माझ्या परसातला तुरट. दोन्ही झाडं टाउनशिपच्याच नर्सरीतून आलेली. त्याच्या बायकोनं लावलेलं दही घट्ट लागायचं. गणपतीत महाराष्ट्र मंडळाच्या कार्यक्रमात त्याला दोन गाणी मिळायची आणि मला खुर्च्या मांडायचं काम. तो गायचाही बरा, हे मला आजही लिहायला जड जातं.

आता शॉपबद्दल. तिथे जाड पोलादी पत्रे जोडून मोठमोठे सांगाडे तयार व्हायचे. वेल्डिंगचा सांधा तपासात नापास झाला की तो खरवडून काढावा लागतो. त्याला गाउजिंग म्हणतात. कार्बनच्या कांडीनं धातू वितळवायचा आणि दाबाच्या हवेनं तो उडवून द्यायचा. त्याचा आवाज कसा असतो हे मी घरी अनेकदा सांगायचा प्रयत्न केला. जाड कापड फाडल्यासारखा म्हणावा, तर तसा तो आठ तास फाटत राहतो आणि कापड संपत नाही. शिवाय पोलादाचा पोकळ सांगाडा तो आवाज गिळत नाही, मोठा करून परत देतो. आत बसून गाउजिंग करणारा माणूस म्हणजे घंटेच्या आत बसून घंटा वाजवणारा.

आम्ही तिथे हातानं बोलायचो. दोन बोटं म्हणजे चहा, मनगटावर टिचकी म्हणजे सुट्टी, छातीवर पंजा म्हणजे साहेब येतोय. जुने लोक संध्याकाळी फाटकाबाहेर आले तरी ओरडूनच बोलत. ते ओरडणं म्हणजे ज्येष्ठतेची खूण समजली जाई. नव्या माणसाला आवाजाचा त्रास झाला, तर एखादा मिस्त्री त्याच्या खांद्यावर हात ठेवून सांगे, “दो साल रुक जा खाँ, फिर कुछ नहीं सुनाई देगा.” हे सांत्वन होतं. आणि ते खरंही होतं.

कानांच्या संरक्षणाची सोय नव्हती असं नाही. सुरक्षा विभागाच्या कपाटात कानांवर बसवायचे पिवळे मफ होते. बाहेरचे पाहुणे येणार असले की आदल्या दिवशी ते सही घेऊन वाटले जात आणि पाहुण्यांची गाडी फाटकाबाहेर पडली की सही घेऊन परत घेतले जात. मळू नयेत म्हणून त्यांच्या गाद्यांवरचं प्लॅस्टिक काढायला मनाई होती. त्यामुळे ते घातल्यावर कानाशी सतत वेफर्सचं पाकीट चुरगळल्यासारखा आवाज येई. पाहुणे समाधानानं मान डोलवत. मीही मनातल्या मनात हसत असे, आणि या तमाशाला आपण फसत नाही याचा मला अभिमान होता. न फसणाऱ्या माणसाचे कान फसणाऱ्याइतकेच जातात, ही गोष्ट तेव्हा माझ्या लक्षात आली नाही.

सांगलीकर मात्र पहिल्या आठवड्यापासून कानात कापूस घालून उभा राहिला. पोरं हसली. त्याच्याकडे बघून कोणी बाळंतिणीसारखं डोक्याला फडकं बांधून दाखवलं. तोही हसला, पण कापूस काढला नाही. मग कुणीतरी त्याला सांगितलं की कापसानं काही होत नाही, आवाज आत जायचा तो जातोच. तेव्हा त्यानं रबरी बोळ्यांसाठी अर्ज केला. उत्तर आलं नाही म्हणून दुसरा केला, मग तिसरा. शेवटी अर्ज ठेवायचा कंटाळा आल्यामुळे स्टोअरच्या बाबूनं त्याला दोरी लावलेले दोन नारिंगी बोळे दिले. ते गळ्यात अडकवून तो सायकलवरून घरी यायचा. एखादं पदक घातल्यासारखा, असं मला वाटे. त्याला तसं वाटत नव्हतं, हे मला माहीत होतं. त्यामुळे राग जास्तच यायचा.

“तुम्ही पण मागवा की नागपूरकर,” तो एकदा म्हणाला. “स्टोअरवाला आता घाबरलाय. एका अर्जात देईल.”

“माझे कान कापसाचे नाहीत,” मी म्हणालो. हे उत्तर मला त्या दिवशी फार चांगलं वाटलं होतं.

काही वर्षांनी एक नवे सुरक्षा अधिकारी आले. माणूस उत्साही होता आणि त्यांना प्रत्येक गोष्टीची स्पर्धा करायला आवडे. सुरक्षा सप्ताहात घोषवाक्यांची स्पर्धा, चित्रांची स्पर्धा, स्वच्छ शॉपची स्पर्धा होतीच. त्या वर्षी कारखान्याच्या उपचार केंद्रात कान तपासायची नवी केबिन आली. साऱ्या गोंगाटाच्या शॉपमधल्या लोकांची तपासणी करायची असं ठरलं. लोक तपासणीला यावेत म्हणून साहेबांनी एक शक्कल काढली: ज्याचे कान सर्वांत चांगले निघतील त्याला बक्षीस. ‘उत्तम श्रवणशक्ती पुरस्कार’, पहिला, दुसरा, तिसरा. परिपत्रक हिंदीत, फलकावर, खाली गोल शिक्का.

जगात आणखी कुठे कानांच्या तपासणीत पहिला नंबर काढतात का, मला ठाऊक नाही. ताप मोजून सर्वांत कमी ताप असणाऱ्याला ढाल द्यावी तसा तो प्रकार होता. मी हा विनोद त्या आठवड्यात निदान वीस जणांना सांगितला. त्यांतले निम्मे लोक मी तो सांगताना माझ्या तोंडाकडे फार लक्ष देऊन बघत होते. हेही मला पुढे आठवलं.

परिणाम व्हायचा तो झाला. तपासणी परीक्षा झाली म्हटल्यावर लोकांनी कॉपी शोधून काढली. केबिन लाकडी होती, आतून मऊ फोम लावलेली. आत एक स्टूल. कानांवर हेडफोन चढवायचे, हातात बटण धरायचं, सूर ऐकू आला की दाबायचं. समोर काचेची खिडकी, आणि खिडकीपलीकडे यंत्रावर बसलेला ऑपरेटर. सूर सोडताना त्याचा उजवा खांदा थोडा खाली जायचा. तेवढं बघून बटण दाबलं की झालं. दोन दिवसांत ही बातमी सगळ्या शॉपमध्ये पोचली. चहाच्या टेबलापाशी हातवाऱ्यांत उजव्या खांद्याची एक नवी खूण तयार झाली.

मी ठरवलं होतं की आपण असलं काही करायचं नाही. माझी पाळी पहिल्या शिफ्टनंतर आली. आठ तास गाउजिंगपाशी उभा राहून मी सरळ केबिनमध्ये जाऊन बसलो. कानांत शिट्टी वाजत होती, ती रोजचीच. ऑपरेटर भोपाळचाच, बोलका माणूस होता. हेडफोन देताना म्हणाला, “आपके पड़ोसी भी आए थे. सोमवार को, सुबह सुबह, ड्यूटी से पहले. बोले, कान को आराम देकर आया हूँ.”

“कसे आले त्यांचे?” मी मराठीतच विचारलं. त्याला तेवढं समजे.

“बढ़िया. बस एक जगह थोड़ा गिरा है.”

एका जागी थोडं पडलंय. म्हणजे सांगलीकरला हरवता येणार होतं. आयुष्यात पहिल्यांदा तो माझ्यापेक्षा कुठेतरी कमी भरत होता, तेही त्याच्या त्या नारिंगी बोळ्यांसकट. दार बंद झालं. पहिले जाड सूर मला खरेच ऐकू आले. मग ते बारीक व्हायला लागले आणि कानातल्या शिट्टीत मिसळले. मी डोळे वर करून काचेकडे बघितलं. खांदा खाली गेला. मी बटण दाबलं.

मला पहिलं बक्षीस मिळालं.

समारंभ प्रशासकीय इमारतीसमोरच्या मांडवात झाला. झेंडा चढला. सर्वांनी उजवा हात पुढे करून सुरक्षेची शपथ घेतली. मोठे साहेब कानांच्या महत्त्वावर बोलले, आणि त्यांचं बोलणं मांडवाच्या चारी खांबांवरचे कर्णे एवढ्या जोरात फेकत होते की पहिल्या रांगेतल्या बायकांनी कानांवर पदर घेतले होते. मी तिसऱ्या रांगेत होतो. मला गडगडाट ऐकू येत होता, शब्द नाही. टाळ्या वाजल्या की मी वाजवायचो. माझं नाव पुकारलं तेव्हा शेजारच्या खुर्चीवरच्या माणसानं मला कोपरानं ढोसलं, म्हणून मी उठलो. उत्तम श्रवणशक्तीचा मानकरी असा मंचावर गेला. हातात प्रमाणपत्र आणि एक निळा कॅसरोल. खाली सांगलीकर मनापासून टाळ्या वाजवत होता. त्या टाळ्यांनी माझा अर्धा आनंद गेला. हरलेल्या माणसानं थोडं तरी हिरमुसायला नको?

उरलेला अर्धा पंधरा दिवसांत गेला. डॉक्टरांनी सगळ्या तपासण्यांचे कागद पाहिले आणि ज्यांचे कान जायला लागले होते त्यांना आवाजापासून दूर हलवायची शिफारस केली. कानांना झालेली पहिली इजा बारीक सुरांत एका ठरावीक जागी खड्डा पाडते. सांगलीकरचा ‘एका जागी थोडं पडलंय’ म्हणजे तोच खड्डा होता. खोल नव्हता, पण होता, आणि त्यानं तो लपवला नव्हता. त्याची बदली फिल्म-रूममध्ये झाली. वेल्डिंगच्या सांध्यांचे एक्स-रे काढतात, त्या फिल्म तिथे उजेडावर धरून तपासायच्या. खोली बंद, शांत, जाड दाराची. आणि फिल्म खराब होऊ नयेत म्हणून वातानुकूलित.

वातानुकूलित! भोपाळच्या मे महिन्यात! शॉपमध्ये छपराचा पत्रा तापून आमच्या टाळूवर उतरत असे, आणि तिकडे सांगलीकर खुर्चीवर बसून फिल्म बघत असे. त्याला तिथे गारठा बाधायला लागला म्हणून त्याच्या बायकोनं त्याला बिनबाह्यांचा स्वेटर विणून दिला. मे महिन्यात सायकलच्या हॅंडलला स्वेटर अडकवून कामावर जाणारा माणूस मी माझ्या डोळ्यांनी रोज बघितला आहे. त्या करड्या स्वेटरचा जेवढा हेवा मी केला तेवढा मी कुणाच्या बढतीचाही केला नाही.

आणि माझं काय झालं? सुरक्षा अधिकाऱ्यांनी माझं कौतुक करून शिफारस केली की इतके तगडे कान असलेला अनुभवी माणूस गाउजिंग विभागाचा प्रमुख असावा. तसा मी झालो. आधी मी त्या आवाजाच्या आसपास असायचो, आता त्याच्या मधोमध उभा राहायला लागलो. माझ्या हाताखाली अकरा जण होते. त्यांनी कानात काही घातलं नाही, कारण बक्षीस मिळवणाऱ्यानंच घातलं नव्हतं. एक-दोघांनी विचारलंही. मी खांदे उडवले.

दोन वर्षं गेली. दाराला आम्ही नवी घंटा बसवली होती, चिमणीसारखी चिवचिवणारी. ती बिघडली म्हणून मी दोनदा दुरुस्तीला नेली. दुसऱ्यांदा आनंद नगरच्या दुकानदारानं ती माझ्यासमोर वाजवून दाखवली. त्याचा अंगठा बटणावर होता, गिऱ्हाइकं वळून बघत होती, आणि मला काही ऐकू येत नव्हतं. मी म्हणालो, “हां, अब ठीक है,” आणि पैसे देऊन घरी आलो.

बायकोला ठाऊक होतं. ती वर्धेची, बोलण्यात आडपडदा नाही. “अहो, तुम्हाला ऐकू नाही येऊन राहिलं,” ती म्हणाली.

“मला बक्षीस आहे,” मी म्हणालो.

“आहे ना. त्यातच पोळ्या ठेवते मी. त्या पोळ्यांनाही तुमच्यापेक्षा जास्त ऐकू येत असेल.”

मी हसण्यावारी नेलं. टीव्हीचा आवाज चढवला. मुलगी तेव्हा अकरा वर्षांची होती, आणि ती शाळेतून आल्यावर जे काही एका दमात सांगत असे ते कमी कमी होत गेलं. मी समजलो, मोठी होतेय. मोठ्या होणाऱ्या मुली बापाशी कमी बोलतात असं मी कुठे कुठे वाचलं होतं. वाचलेलं उपयोगी पडतं ते असं.

एका रविवारी सकाळी मी मेंदी कापत होतो. कुंपणापलीकडे सांगलीकर व्हरांड्यात पेरू चिरत बसला होता, आणि त्याच्यासमोरच्या पायरीवर माझी मुलगी. ती बोलत होती. दोन्ही हात हवेत, वेणी एकदा या खांद्यावर एकदा त्या. मध्येच उठून तिनं कुणाच्या तरी चालीची नक्कल केली, परत बसली, परत बोलायला लागली. सांगलीकर मान हलवत होता, मध्येच काही विचारत होता. त्यानं विचारलं की ती आणखी खुलत होती. मग ती काहीतरी बोलली आणि तो मांडीवर थाप मारून असा हसला की त्याच्या ताटलीतला पेरू खाली पडला. हे सगळं माझ्यापासून दहा-बारा पावलांवर. मला त्यातला एक शब्द ऐकू आला नाही. मूकपट बघावा तसा मी कात्री हातात घेऊन वीसेक मिनिटं उभा होतो.

पेरूचा, दह्याचा, गाण्यांचा, स्वेटरचा हेवा मी केला होता. त्या सगळ्याला हेवा म्हणणं चूक होतं, हे मला त्या वीस मिनिटांत कळलं. ती किरकोळ खरेदी होती. हा माणूस माझ्या मुलीचं बोलणं ऐकत होता.

ती घरी आल्यावर मी विचारलं, “काकांना काय सांगत होतीस एवढं?”

तिनं उत्तर दिलं. मी म्हणालो, “काय?” तिनं परत सांगितलं. मी परत “काय?” म्हणालो. तिनं माझ्याकडे बघितलं. चिडून नाही; चिडली असती तर बरं झालं असतं. तिनं आवाज चढवून, एकेक शब्द सुटा करून, म्हाताऱ्या माणसाशी बोलावं तसं सांगितलं, “शाळेतलं, बाबा. शाळेतलं. गंमत.”

“मग मला का नाही सांगत?”

“तुम्हाला तीन तीनदा सांगावं लागतं. तिसऱ्यांदा सांगताना ती गंमत नाही राहत.”

मी त्याच दुपारी कुंपणाला वळसा घालून शेजारी गेलो. सांगलीकर वर्तमानपत्र वाचत होता. मी बसलो आणि म्हणालो की मला काही सांगायचं आहे. मग काचेचं, खांद्याचं, सगळं सांगितलं.

“ठाऊक आहे,” तो म्हणाला. एवढं मला ऐकू आलं, कारण त्यानं वर्तमानपत्र खाली ठेवून माझ्याकडे तोंड करून म्हटलं.

“कधीपासून?”

“त्या दिवसापासूनच. आठ तास त्या भट्टीत उभं राहून कुणाचे कान पहिले येतात? मी ऑपरेटरला विचारलं पण. तो म्हणाला, अर्धी शॉप खांदा बघत होती, पण तुमच्या शेजाऱ्यासारखं टक लावून कुणीच बघितलं नाही.”

“मग बोलला का नाहीत?”

“बोललो असतो तर तुम्ही ऐकलं असतं?” तो म्हणाला, आणि मग आपण काय बोललो हे लक्षात येऊन त्यानं जीभ चावली. “म्हणजे, मनावर घेतलं असतं का? मी बोळे मागवा म्हटलं तर तुम्ही काय म्हणालात आठवतं का?”

आठवत होतं.

“तेव्हा मला वाटलं, या गृहस्थाला आपलं काही चालत नाही,” तो म्हणाला. “पण बोलायला हवं होतं, नागपूरकर. चुकलंच माझं.” म्हणजे माफी मागायला मी गेलो होतो आणि मागितली त्यानं. तेवढ्यातही तो पुढेच.

दुसऱ्या दिवशी मी सुरक्षा अधिकाऱ्यांकडे गेलो आणि कान परत तपासा म्हणालो. त्यांनी मला बसवलं, चहा मागवला, फाइल काढली.

“लेकिन रिकॉर्ड में तो आप प्रथम हैं,” ते म्हणाले.

“सर, मला ऐकू येत नाही.”

“आप मज़ाक अच्छा करते हैं.” मग ते जरा पुढे झुकले. पुरस्काराची बातमी कारखान्याच्या मासिकात फोटोसकट आली होती. वर पाठवलेल्या अहवालात त्यांनी या योजनेचं यश म्हणून माझं उदाहरण दिलं होतं. आता हाच माणूस बहिरा निघाला तर अहवालाचं काय? त्यांनी मला समजावलं की वयानं थोडं होतंच, आणि उन्हाळ्यात कान कोंदतात. मी सांगितलं की मी खोटं बटण दाबलं होतं. त्यांच्या चेहऱ्यावर खरं दुःख दिसलं. माझ्या कानांबद्दल असेल असं मी तेव्हा समजलो नाही, आताही समजत नाही.

शेवटी सांगलीकरनंच वाट सांगितली. डॉक्टरांना सरळ अर्ज द्या, तोही एकदा देऊन थांबू नका. दुसऱ्या अर्जाला बोलावणं आलं. सांगलीकरनं बजावलं की दोन दिवस रजा घेऊन कान शांत ठेवा आणि सोमवारी शिफ्टच्या आधी जा. नाहीतर आदल्या दिवसाचा आवाज कानांत राहतो आणि खरं काय आणि थकवा काय ते कळत नाही. मी दोन दिवस घरी बसलो. टीव्हीही लावला नाही. बायको म्हणाली, उपास चाललाय जणू.

केबिनमध्ये मी ऑपरेटरला म्हणालो, “मेरा स्टूल घुमा दो.” त्यानं एकदा माझ्याकडे बघितलं आणि काही न विचारता स्टूल फिरवून दिलं. काचेकडे पाठ करून, भिंतीवरच्या फोमकडे बघत मी बसलो. जाड सूर आले. मी बटण दाबत गेलो. मधले आले, काही पुसट, काही नक्की नाही असे. मग काहीच आलं नाही. मी थांबलो. वाटलं, तो यंत्र नीट लावतोय, बारीक सुरांची तपासणी आता सुरू होईल. मी बटणावर अंगठा तयार ठेवला. फोमला किती भोकं आहेत ते मोजत बसलो. बराच वेळ गेला. मग दार उघडलं आणि तो आत आला.

“चालू करा ना,” मी म्हणालो.

त्यानं माझ्या कानांवरून हेडफोन हळूच काढले. “हो गया, बाबूजी.”

डॉक्टरांनी कागद समोर ठेवला. सुरुवातीला सपाट जाणारी रेघ अर्ध्यावरून कड्यावरून पडावी तशी खाली गेली होती, दोन्ही कानांची. त्यांनी साधेपणानं सांगितलं की गेलेलं परत येत नाही. औषध नाही, ऑपरेशन नाही. शिल्लक आहे ते सांभाळा. दोन वर्षांपूर्वीचा कागद खरा असता तर शिल्लक जास्त असती, हे ते बोलले नाहीत. दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले होते, तेवढं पुरे होतं.

माझी बदली सामान तपासून घेण्याच्या विभागात झाली. तिथे पंखा आहे, वातानुकूलन नाही. ते सांगलीकरकडेच राहिलं. जायच्या आधी मी माझ्या अकरा जणांना एकत्र बोलावलं आणि तो कागद दाखवला. भाषण करायचा माझा स्वभाव नाही आणि तिथे ऐकू तरी कुणाला येणार होतं? कागद हातोहात फिरला. त्यातल्या सात जणांनी स्टोअरमध्ये अर्ज दिले, तीन जणांनी परत तपासणी मागितली, आणि एकानं मला हातानं खूण करून विचारलं की कॅसरोल परत करावा लागेल का. केबिनच्या खिडकीला पुढच्या महिन्यात खाकी पडदा लागला. बक्षीस बंद झालं. त्याऐवजी साहेबांनी कानांवर घोषवाक्यांची स्पर्धा ठेवली.

कागद मिळाला त्या संध्याकाळची गोष्ट सांगायची राहिली. मुलगी अभ्यासाला बसली होती. मी तिच्यासमोर खुर्ची ठेवली, उजेड तिच्या चेहऱ्यावर पडेल अशी. डॉक्टरांनी सांगितलं होतं की बोलणाऱ्याचं तोंड दिसलं की अर्धं काम होतं. मी तिला सांगितलं की माझे कान खरंच गेलेत, बक्षीस खोटं होतं, आणि ते कसं मिळवलं तेही सांगितलं. तिनं डोळे मोठे केले. कॉपी करणारा बाप तिला नवीन होता. मला वाटलं होतं त्यापेक्षा तिला तो आवडला.

“आता त्या रविवारी काकांना सांगितलेली गोष्ट मला सांग,” मी म्हणालो.

“तीच? परत?”

“तीच.”

तिनं सांगितली. शाळेतल्या बाईंची, प्रार्थनेच्या वेळी मध्ये घुसलेल्या गाईची. तोंड माझ्याकडे ठेवून, सावकाश. मला बहुतेक सगळं कळलं. पण ती पाच मिनिटांत संपली. त्याला वीस मिनिटं मिळाली होती, मी कात्री हातात घेऊन मोजली होती.

“यात ते नाही आलं,” मी म्हणालो. “काका मांडीवर थाप मारून हसले, पेरू सांडला, ते.”

ती पेन्सिल फिरवायला लागली.

“ते नाही सांगणार.”

“त्याला सांगितलंस आणि मला नाही?”

“त्यात तुम्ही आहात ना, बाबा. तुम्ही दुकानात घंटा दुरुस्त करायला गेलात ते. दुकानदारानं आईला सांगितलं, आईनं मला. मी तुमची नक्कल केली होती.”

स्वयंपाकघरात भांड्यांचं काम थांबलं असावं, कारण बायको दारात येऊन उभी राहिली. मी खुर्ची आणखी पुढे ओढली, इतकी की आमचे गुडघे एकमेकांना लागले.

“कर,” मी म्हणालो. “आणि मोठ्यानं कर. शेजारी ऐकू गेलं तरी चालेल.”